ऑनलाइन आरपीजीत शस्त्रं आणि मंत्र नजरेला ओळखू येतात का?

मधली_ओळ

बरेच दिवस या विषयावर सविस्तर लिहायचं होतं. ऑनलाइन आरपीजी (एखादं पात्र घडवत इतरांबरोबर खेळायचा गेम) खेळताना समोरच्याच्या हातात काय आहे आणि तो आता काय फेकणार आहे, हे नुसत्या नजरेने कळायला हवं का? माझं मत आधीच सांगते: कळायलाच हवं. हा प्रश्न देखणेपणाचा कमी आणि न्यायाचा जास्त आहे. जो वार मला दिसलाच नाही तो चुकवायची संधीही मला मिळाली नाही. मग त्या हरण्यात माझ्या कौशल्याचा भाग किती?

जुन्या गेम्सकडे बघा. १९९७ चा अल्टिमा ऑनलाइन. चित्रं अगदी साधी, पण जादूगार मंत्र म्हणायला लागला की मंत्राचे शब्द त्याच्या डोक्यावर उमटायचे. 'कॉर्प पोर' दिसलं की एनर्जी बोल्ट येतोय, 'काल वास फ्लाम' म्हणजे फ्लेमस्ट्राइक, 'इन वास मानी' म्हणजे तो कुणाला तरी बरं करतोय. मुरलेले खेळाडू हे शब्द वाचून त्या क्षणी ठरवायचे, की आता वार करून त्याचा मंत्र मोडायचा की स्वतःला सावरायचं. समोरासमोरच्या लढतीतला निम्मा खेळ त्या वाचण्यात होता.

मग आला रॅग्नारोक ऑनलाइन, कोरियात २००२ साली. भारतातही त्याचा अधिकृत सर्व्हर होता आणि इथल्या अनेकांची ऑनलाइन आरपीजीशी पहिली भेट सायबर कॅफेत याच गेममधून झाली. त्यात मंत्र सुरू झाला की डोक्यावर पट्टी भरत जायची, म्हणजे किती वेळ उरलाय ते दिसायचं. प्रीस्टची सेफ्टी वॉल म्हणजे गुलाबीसर उभा खांब, न्यूमा म्हणजे जमिनीलगतचा हिरवट ढग. पहिली जवळचे वार अडवते, दुसरी लांबचे. रंगही वेगळा, आकारही वेगळा. घाईतसुद्धा गल्लत व्हायची नाही.

पण वॉर ऑफ एम्पेरियममध्ये, म्हणजे गिल्ड्सच्या (खेळाडूंच्या गटांच्या) किल्ल्यांसाठीच्या लढाईत, दाराशी विझार्डांचा घोळका स्टॉर्म गस्ट आणि लॉर्ड ऑफ व्हर्मिलियन टाकत बसला की स्क्रीनवर पांढऱ्या लखलखाटाशिवाय काही उरायचं नाही. यावर गेममध्येच एक कमांड होती, 'मिनइफेक्ट'. ती दिली की मोठ्या मंत्रांची आतषबाजी जाऊन जमिनीवर फक्त रंगीत चौकोन राहायचे. दिसायला रुक्ष, पण कुठे पाय ठेवायचा नाही हे स्वच्छ कळायचं. मनापासून खेळणारी गिल्ड्स हीच कमांड चालू ठेवून लढायची.

म्हणजे प्रश्न आणि त्याचं एक उत्तर, दोन्ही इतक्या वर्षांपूर्वी हाताशी होती. त्यानंतर ग्राफिक कार्डं कितीतरी ताकदवान झाली आणि त्या ताकदीचा मोठा वाटा ठिणग्या, धूर आणि चमक वाढवण्यात गेला. तुम्ही खेळता त्या गेममध्ये काय परिस्थिती आहे? कुठे हे चांगलं जमलंय असं वाटतं? मतभेदही मोकळेपणाने लिहा.

रातकिडा

जिव्हाळ्याचा विषय काढलात. ओल्ड स्कूल रुनस्केपमधला जॅड हा या बाबतीत वस्तुपाठ आहे असं मी मानतो. हा बॉस (मोठा, बलाढ्य शत्रू) मूळ रुनस्केपमध्ये २००५ साली आला. त्याचे दोन मुख्य मारे आहेत. पुढचे पाय वर उचलून ताणला गेला की जादूचा मारा, आणि पाय जमिनीवर आपटले की लांब पल्ल्याचा. बास. एवढंच ओळखायचं आणि त्याप्रमाणे योग्य ती, म्हणजे तो मारा अडवणारी, रक्षक प्रार्थना लावायची. हा गेम ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यामुळे हातात वेळ किती आहे हेही ठरलेलं. चुकलात तर एका फटक्यात ९७ पर्यंत इजा होते, आणि हिटपॉइंट्सची पातळी जास्तीत जास्त ९९. इतकी कडक शिक्षा असूनही जॅडला कुणी अन्यायी म्हणत नाही, कारण त्याने सांगितल्याशिवाय तो कधी मारत नाही. चित्र म्हणाल तर मोजक्या बहुभुजांचं. एकही जास्तीची ठिणगी नाही.

दोन खेळाडूंच्या लढतीतही तेच. समोरच्याने चाबूक काढला की जवळचा वार, काठी काढली की जादू, धनुष्य काढलं की बाण. त्याने शस्त्र बदललं की तुम्ही प्रार्थना बदलता, आणि तुमच्या डोक्यावरचं प्रार्थनेचं चिन्ह बघून तो पुन्हा शस्त्र बदलतो. हा सगळा संवाद डोळ्यांनी चालतो. उद्या त्या चाबकावर धनुष्याचं रूप चढवू दिलं तर लढतीचा पायाच जाईल. रुनस्केप ३ मध्ये शस्त्रांवर दुसरं रूप चढवायची सोय आहे. तिथे मी खेळाडूंशी लढायला जात नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

पल्याड

रातकिड्याला अनुमोदन. शस्त्रावरून माणूस ओळखता येणं हे फायनल फँटसी १४ ने मुळातच बांधून टाकलंय. तिथे हातातलं शस्त्र बदललं की तुमचा पेशाच बदलतो. ढाल-तलवार म्हणजे पॅलाडिन, रेपिअर म्हणजे रेड मेज, भाला म्हणजे ड्रॅगून. ग्लॅमर करून शस्त्राचं रूप बदलता येतं, पण त्याच पेशाच्या दुसऱ्या शस्त्राचंच. म्हणजे हौस पुरी होते आणि ओळखही शाबूत राहते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०११ च्या अखेरीस ट्रान्समॉग (वस्तूचं रूप बदलायची सोय) आलं तेव्हा धनुष्य, क्रॉसबो आणि बंदूक यांची रूपं एकमेकांवर चढवता येत होती. तिन्ही लांबूनच मारतात, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. पण तत्त्व म्हणून मला फायनल फँटसीची रेघ जास्त पटते.

बॉसच्या माऱ्याचंही तसंच. २०१३ च्या अ रिल्म रीबॉर्नपासून एक चिन्हांची भाषा तयार झाली आहे. जमिनीवर नारिंगी पट्टा म्हणजे इथून हटा. आत वळलेले बाण म्हणजे सगळे एकत्र या आणि मार वाटून घ्या. डोळ्याचं चिन्ह म्हणजे तोंड फिरवा. नवा बॉस आला तरी जुनी चिन्हं त्याच अर्थाने येतात, मग अवघडपणा येतो तो त्यांच्या मिश्रणातून आणि वेगातून. नव्या माणसाला दोन-चार डन्जन्समध्ये ही भाषा कळायला लागते.

वीजवादळ

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. सगळे 'कमी करा, कमी करा' म्हणतायत, पण जादू जादूसारखी दिसायला नको का? गिल्ड वॉर्स २ मधलं 'द ड्रीमर' हे लेजेंडरी धनुष्य घ्या. त्यातून बाणांऐवजी इंद्रधनुषी युनिकॉर्न सुटतात. आपण चालतो तिथे पावलांचे ठसे उमटतात. ते मिळवायला लोक महिनोन् महिने साहित्य जमवतात. एवढं करून ते दुसऱ्यांना दिसणारच नसेल तर मिळवायचं कशासाठी? एकट्याने खेळायच्या गेमपेक्षा ऑनलाइन गेममध्ये वेगळं काय आहे, तर आपलं कमावलेलं चारचौघांना दिसतं.

आणि मोठ्या लढाईतला गोंधळ हाही एक अनुभव आहे. पन्नास माणसं एका ड्रॅगनवर तुटून पडलीत आणि चित्र मात्र शिस्तीत, असं कसं चालेल? मला तो गदारोळ आवडतो. त्यासाठीच मी तिथे जातो.

मधली_ओळ

@वीजवादळ, कमावलेलं दिसायला हवं हे अगदी मान्य. माझं म्हणणं एवढंच, की कुठे आणि कधी ते ठरवावं. शहरात, बाजारात, गिल्डच्या अंगणात ड्रीमर पूर्ण झळाळीत दिसू दे. लढाईत मात्र दिसण्याला मान असावा तो क्रमाने: आधी शत्रूचं जे मला मारू शकतं ते, मग साथीदाराचं जे मला वाचवू शकतं ते, मग माझ्या स्वतःच्या वाराचं, आणि शेवटी बाकीच्यांची रोषणाई. गिल्ड वॉर्स २ मध्येच यातलं बरंच आहे. इफेक्ट एलओडी चालू केलं की गर्दीत इफेक्ट्सचा तपशील आपोआप कमी होतो. शिवाय खेळाडूविरुद्ध खेळाडू लढतीसाठी समोरचे सगळे ठरावीक साध्या पोशाखात दाखवायची सोय आहे. तुमचा पोशाख तुमच्याकडे तसाच राहतो, फक्त मला लढताना तुमचा वर्ग पटकन कळतो. यात कुणाचं काय गेलं?

अंजन

माझी बाजू या चर्चेत यायलाच हवी म्हणून लिहितोय. मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. हे जन्मजात आहे. लाल-हिरव्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, त्यामुळे पुरुषांत हे प्रमाण जास्त. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मधल्या एकाला, बायकांत २०० मधल्या एकीला. म्हणजे पंचवीस जणांच्या रेडमध्ये (एकत्र येऊन बॉसवर केलेल्या मोठ्या चढाईत) एक-दोघे तरी माझ्यासारखे असू शकतात.

आता विचार करा, हिरव्या गवतावर लाल वर्तुळ. तुम्हाला ते ओरडून सांगतं. मला ते गवतातल्या गवतासारखं, किंचित मळकट दिसतं. त्याहून वाईट म्हणजे शत्रूचं वर्तुळ लाल आणि साथीदाराचं हिरवं, दोन्हींचा आकार एकच. एकात उभं राहिलो तर मरणार, दुसऱ्यात उभं राहिलो तर बरा होणार, आणि मला दोन्ही सारखेच.

वॉरक्राफ्टने २०१५ मध्ये ६.१ पॅचला रंगांधांसाठी फिल्टर दिले, आणि ते तीन प्रकारांसाठी वेगवेगळे दिले, हे चांगलं केलं. पण संपूर्ण स्क्रीनचे रंग बदलणारा फिल्टर मला मनापासून आवडत नाही. सगळं जगच विचित्र दिसायला लागतं. २०१४ ला आलेल्या वाइल्डस्टारने जे केलं होतं ते मला जास्त भावलं. त्या गेमची सगळी लढाईच जमिनीवर रंगवलेल्या आकारांवर चालायची, आणि त्या आकारांचे रंग खेळाडूला स्वतः निवडता यायचे. शत्रूचा निळा, साथीदाराचा पिवळा, संपला प्रश्न. जग जसंच्या तसं.

गेम बनवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एकच मागणं आहे: रंगावर एकट्यावर विसंबू नका. धोक्याच्या वर्तुळाची कड दातेरी करा, मदतीच्या वर्तुळाची गोल ठेवा. एकाच्या रेषा आत सरकू देत, दुसऱ्याच्या बाहेर. रंग नीट दिसणाऱ्यांनाही त्याचा फायदाच होईल.

कणकण

मी पुण्यात गेम्ससाठी इफेक्ट्स बनवायचं काम करतो, म्हणून आतली थोडी माहिती देतो. स्क्रीन पांढरी का पडते, हा प्रश्न वर आलाच आहे. आग, वीज, चमक यांसाठी आम्ही बहुतेक वेळा अॅडिटिव्ह ब्लेंडिंग वापरतो. म्हणजे मागच्या रंगाच्या संख्येत इफेक्टच्या रंगाची संख्या मिळवायची. एक ज्वाळा असेल तर सुंदर दिसतं. पण लाल, हिरवा, निळा या तिन्ही वाहिन्यांना वरची मर्यादा असते. दहा जणांच्या ज्वाळा एकाच जागी आल्या की तिन्ही वाहिन्या त्या मर्यादेला टेकतात, आणि तिन्ही टेकल्या की रंग एकच उरतो, पांढरा. कुणाची आग नारिंगी होती, कुणाचं विष हिरवं होतं, ती माहितीच पुसली जाते. त्यावर ब्लूम (उजळ भागाभोवती प्रकाश पसरवणारा इफेक्ट) लावला की तो पांढरा डाग आणखी पसरतो. मिरवणुकीत एका चौकात चार पथकं एकदम वाजायला लागली की कुठल्याच पथकाचा ठेका कानाला लागत नाही, तसं होतं हे. प्रत्येक कलाकाराने आपापला इफेक्ट एकटा ठेवून, काळ्या पार्श्वभूमीवर तपासलेला असतो. तिथे तो उत्तमच दिसतो.

उपाय आहेत. धूर आणि ज्वाळेचा गाभा अॅडिटिव्ह न ठेवता मागचं झाकणारा ठेवायचा, चमक फक्त कडेला आणि ठिणग्यांना. धोक्याची वर्तुळं सगळ्या कणांच्या (ज्या बारीक ठिपक्यांनी इफेक्ट बनतो त्यांच्या) वर काढायची, म्हणजे ती कधीच झाकली जाणार नाहीत. प्रत्येक इफेक्टला प्राधान्याचा आकडा द्यायचा आणि गर्दी वाढली की खालच्या आकड्यांचे कण आधी कमी करायचे. मधली_ओळ यांनी सांगितलेला क्रम जवळपास तसाच आम्ही लावतो, निदान लावायला हवा.

दुसरी गोष्ट वेळेची. कुठल्याही वाराचे तीन भाग असतात: तयारी, आघात आणि विरणं. वाचण्यासाठी महत्त्वाची असते ती तयारी. पण विकायच्या व्हिडिओत चांगला दिसतो तो आघात आणि नंतरचा धूर. त्यामुळे पैसा आणि मेहनत तिकडे जाते, आणि विरणारा धूर पुढच्या वाराची तयारी झाकून टाकतो. माझ्या हातात असेल तेव्हा मी विरण्याचा काळ निम्म्याने कापतो. आजवर त्याने कुठल्याही इफेक्टचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

शस्त्रांबाबत, व्हॉल्वने डोटा २ साठी बाहेरच्या कलाकारांना जी मार्गदर्शिका दिली ती कुणालाही वाचायला खुली आहे. तो गेम आरपीजी नाही, पण त्यातलं शिकण्यासारखं आहे. पात्र नुसत्या काळ्या आकृतीवरून ओळखता आलं पाहिजे, पाय गडद आणि वरचं अंग उजळ हवं, म्हणजे वरून बघताना नजर डोक्याकडे आणि हातातल्या शस्त्राकडे जाते. नवी स्किन (पात्राचं किंवा शस्त्राचं वेगळं रूप) बनवताना ही चौकट मोडायची नाही. आरपीजींमध्ये अशी चौकट सहसा सुरुवातीला असते आणि स्किनचं दुकान चालू झालं की दरवर्षी ती थोडी थोडी सैल होत जाते.

लखलखाटाबद्दलही सांगतो. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको असं सांगितलंय, कारण काहींना त्याने फिट येऊ शकते. एका मंत्रात हा नियम पाळणं सोपं आहे. वीस जणांचे मंत्र एकत्र आले की तो आपोआप मोडतो. म्हणून लखलखाटाची मर्यादा पूर्ण स्क्रीनसाठी लावायला हवी, एका इफेक्टपुरती नव्हे.

रातकिडा

कणकण, हे फार मोलाचं लिहिलंत. तयारी आणि विरणं हा मुद्दा वाचल्यावर जॅड का जमला हे आता नीट कळलं. त्याच्याकडे विरण्यासारखं काही नाहीच.

अंजन, वाइल्डस्टारबद्दल एक शंका. तिथे जमीन इतकी स्पष्ट बोलायची की लोक बॉसकडे बघायचेच नाहीत. डोळे सतत जमिनीवर. एवढा मोठा राक्षस कुणी कष्टाने घडवलाय आणि खेळणारे त्याच्या पायाखालच्या चौकोनाकडे बघतायत. तो गेम २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला. त्याची कारणं वेगळी असतील, पण ही गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. एल्डन रिंगसारख्या गेममध्ये जमिनीवर असं काही रंगवत नाहीत. तिथे शत्रूचा खांदा, हत्याराचा कोन, उडी घेण्याआधीचा थांबा हेच वाचावं लागतं. माझ्या लेखी खरी स्पष्टता तीच.

अंजन

मान्य आहे, पण एल्डन रिंगमध्ये एका वेळी चार-दोन माणसं असतात. चोवीस जणांच्या रेडमध्ये बॉसचा खांदा दिसायला तो आधी झाकला न जायला हवा. शरीराच्या हालचालीतून सांगणं मला रंगापेक्षा कितीतरी सोयीचं आहे, त्यामुळे तसं जमत असेल तर मी सगळ्यात खूष. दोन्ही असू देत: मोठा मार शरीरातून, जमिनीवर पडून राहणारा धोका वर्तुळातून.

वीजवादळ

कणकण यांचं वाचून माझं मत थोडं सरकलंय. दहा युनिकॉर्न एकावर एक पडून पांढरा डाग होणार असेल तर माझा ड्रीमर तिथे कुणालाच दिसत नाहीये, मलाही नाही. मग लढाईत तो थोडा फिका पडला तर माझं काही जात नाही. फक्त तो निर्णय बघणाऱ्याच्या सेटिंगमध्ये असावा, सक्तीने सगळ्यांसाठी नसावा. मला गदारोळ हवा असेल तर तो मला मिळू दे.

जुन्या लिनिएज २ मध्ये शस्त्र एन्चांट करत (जादूने ताकद वाढवत) गेलं की निळी झळाळी वाढत जायची आणि फार वरच्या पातळीला ती लाल व्हायची. लाल तलवार दिसली की मैदानातले लोक वाट वाकडी करायचे. तिथे मिरवणं आणि माहिती एकच होती. असं काही असेल तर माझा पूर्ण पाठिंबा.

मधली_ओळ

@वीजवादळ, हे फारच छान उदाहरण! झळाळीने खरी गोष्ट सांगितली तर ती कितीही असू दे. दुकानातून विकत घेतलेली, काहीच न सांगणारी झळाळी आली की त्रास सुरू होतो.

कुडाळकर_बाण

चर्चा वाचतोय, शिकायला मिळतंय. माझा प्रश्न साधा आहे. माझा लॅपटॉप जुना, बायकोचाही तसाच. आम्ही दोघं संध्याकाळी एकत्र फायनल फँटसी १४ आणि वॉरक्राफ्ट खेळतो. ती हीलर, मी बाण मारणारा. मोठ्या लढाईत लॅपटॉप धापा टाकतो, म्हणून मी सगळी ग्राफिक्स एकदम खाली आणली. आता वॉरक्राफ्टमध्ये आम्ही दोघंही कारण न कळता मरतो. खाली आणायचं तर नेमकं काय आणायचं?

पल्याड

@कुडाळकर_बाण, कारण न कळता मरताय म्हणजे बहुधा वॉरक्राफ्टमध्ये प्रोजेक्टेड टेक्स्चर्स बंद झालंय. बॉसची जमिनीवरची बरीचशी वर्तुळं त्याच सेटिंगने उमटतात. ते बंद केलं की मार तसाच बसतो, वर्तुळ मात्र दिसत नाही. ते आधी चालू करा आणि पुन्हा कधीही बंद करू नका. त्याऐवजी सावल्या आणि पाणी खालच्या पातळीला न्या, लॅपटॉपला खरा दिलासा तिथे मिळेल. स्पेल डेन्सिटी नावाचं सेटिंग आहे, तेही कमी करा. त्याने इतरांचे मंत्र कमी दिसतात.

फायनल फँटसीमध्ये कॅरॅक्टर कॉन्फिगरेशनमध्ये बॅटल इफेक्ट्सची सेटिंग्ज आहेत. स्वतःचे, पार्टीचे आणि बाकीच्यांचे असे वेगवेगळे ठेवता येतात. स्वतःचे पूर्ण ठेवा, बाकीच्यांचे एकदम बंद करा. पार्टीचे मात्र पूर्ण बंद करू नका, 'लिमिटेड' वर ठेवा. तसं केलं की तलवारींची रोषणाई जाते, पण वहिनींनी जमिनीवर टाकलेलं असायलम (बरं करणारं वर्तुळ) तुम्हाला दिसत राहतं.

कणकण

पल्याडच्या उत्तरात एक भर. जुन्या लॅपटॉपवर सगळ्यात जड पडतात ते एकमेकांवर पसरलेले पारदर्शक कण, कारण एकाच ठिपक्याचा रंग पुन्हा पुन्हा काढावा लागतो. म्हणून रिझोल्यूशन स्केल (चित्र किती ठिपक्यांत काढायचं ते) १०० वरून ८० च्या आसपास आणून बघा. कडा थोड्या मऊ दिसतील, पण धोक्याचं काहीही गायब होणार नाही.

कुडाळकर_बाण

प्रोजेक्टेड टेक्स्चर्स बंदच होतं! आत्ता चालू केलं. रात्री दोघं बसतो आणि कुठलं सेटिंग कितीवर चाललं ते उद्या इथे लिहितो.